उतरताना घ्या

सुट्टे नसले की तिकिटाच्या पाठीवर
पेन्सिलनं आकडा लिहायचात, भोवती गोल करायचात
आणि म्हणायचात, उतरताना घ्या.
एकतीस वर्षं, बेळगाव–खानापूर.
देसूरची एक म्हातारी आठ आणे विसरून उतरली
तर दुसऱ्या दिवशी गाडी थांबवून
तिच्या हातावर ठेवलेत.

अंगावरनं वारं गेलं त्याला आता पाच महिने.
मंगळवारी नि शुक्रवारी विद्याश्री येते,
बैलहोंगलची पोरगी, पिशवीतनं चित्रं काढते.
कप. किल्ली. छत्री.
तुम्ही किल्लीकडं बघता,
डाव्या हातानं हवेतलं कुलूप उघडता,
उजवा मांडीवर पडलेला.
"ते… ते गा… आपलं ते…"
आणि दाराकडं बघता,
जणू शब्द बाहेर चपला काढत उभा आहे.

मी सांगायला तोंड उघडते.
ती माझ्या गुडघ्यावर बोट टेकवते.
थांबा मावशी, मनात दहा मोजा.
दहा म्हणजे किती असतात
हे मला साठीला आल्यावर कळलं.
मग तीच विचारते : कशाला लागते?
कुठं ठेवता? हरवली तर कोण ओरडतं?
शेवटच्याला तुम्ही माझ्याकडं बोट केलंत.
किल्ली आली नाही. हसू आलं,
तेही अर्ध्या ओठानं.

एकदा झाडाचं चित्र निघालं.
बराच वेळ बघून, मान वळवून,
माझ्या तोंडावर म्हणालात,
"मर."
माझा चहा बशीत सांडला.
विद्याश्री टाळ्या वाजवूलालती,
"करेक्ट री काका! मर! मर!"
कानडीत झाड. मला काय ठाऊक नाही?
शनिवारी भाजी मी कानडीतच घासाघीस करून घेते.
पण त्या घटकेला कान मराठीच होता माझा.

बाहेर पाट्यांवरनं भांडतात,
कुठलं अक्षर वर, कुठलं खाली.
तुमच्या डोक्यातल्या सगळ्याच पाट्या
एका वाऱ्यात आडव्या झाल्या,
हाताला लागली ती उचललीत.
येईल त्या भाषेत येऊ दे, म्हणाली पोरगी,
दारातनं हाकलू नका.

रात्री अनगोळच्या या खोलीत
दिवा बारीक करून मी गाडी सोडते.
रैट.
उद्यमबाग, म्हणते मी,
नि तुम्ही सुटता : पिरनवाडी, मच्छे, झाडशहापूर,
देसूर क्रॉस, प्रभुनगर, न अडखळता,
सकाळी कप न म्हणता आलेला माणूस.
मधेच अडवलं तर मात्र सगळं जातं.
परत स्टँडवरनं सुरुवात.

परवा मुद्दाम मी एक थांबा खाल्ला.
मच्छे, देसूर क्रॉस, म्हटलं.
तुम्ही पलंगावर मूठ आपटलीत.
"झाड… झाडशहापूर!"
एवढा राग, पॅसेंजर मागंच राहिला म्हणून.
मी उठून ते चित्र आणलं.
अर्ध्यावर उतरा, म्हटलं. शहापूरला जाऊच नका.
"झाड."
दोनदा म्हणालात.
सकाळी परत मर. दुपारी काहीच नाही.

माझं नाव म नं सुरू होतं.
तुम्ही ओठ मिटता, म उमटतो,
मी श्वास धरून बसते
आणि येतं मच्छे.
तुमचं तरी मी कधी घेतलं होतं?
लग्नात उखाण्यात, नणंदेनं चिमटा काढला म्हणून.
आता रोज कानाशी घेते. भा. भावकू.
लाज कुठल्या थांब्यावर उतरली
ध्यानात नाही.

काल डाव्या हातात पेन्सिल धरून
कॅलेंडरच्या पाठीवर तुम्ही एक गोल काढलात.
वाकडा. आत काही नाही.
फाडून माझ्याकडं सरकवलात.

कनवटीला लावलाय मी.